अमेरिकेत बाळाला आपल्याच बेडवर झोपवलं तर डॉक्टर ओरडतात का? खरंच धोका असतो का?

ओरडत नाहीत, लेक्चर देतात. आम्ही न्यू जर्सीत असताना चेकअपला नर्सने विचारलं बाळ कुठे झोपतं, बायकोने माझ्याकडे बघितलं आणि मी बिनधास्त "क्रिबमध्ये" (बाळाच्या कठड्याच्या पलंगात) ठोकून दिलं, क्रिबमध्ये तेव्हा धुतलेल्या दुपट्यांचा ढीग असायचा. नॉर्वेत २०११ ला एका भारतीय जोडप्याची मुलं सरकारने काढून नेली त्यात मुलगा बापाजवळ झोपतो हाही आक्षेप होता असं बातम्यांत आलेलं, मग भीती वाटणारच ना.

पण खोटं बोलू नका राव, बाळ गुदमरण्याचा धोका खरा आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं, निदान ६ महिने बाळ तुमच्याच खोलीत पण वेगळ्या जागी, उताणं, टणक सपाट गादीवर, उशी-पांघरूण काही नको. गावाकडे आपण खाली सतरंजीवर झोपायचो, तिथली मऊ मॅट्रेस आणि जाडजूड कम्फर्टर हे प्रकरणच वेगळं. सगळ्यात वाईट म्हणजे बाळाला घेऊन सोफ्यावर डुलकी लागणं. आणि घरात कोणी सिगरेट ओढत असेल, दारू किंवा झोपेची गोळी घेतली असेल, बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल तर शेजारी अजिबात नको. आम्ही शेवटी बेडला खेटून बेसिनेट (छोटा पाळणा) लावलं, पाजून झालं की परत त्यात.