स्विंग फ्लॅट, फटका कधी मातीत तर कधी चेंडूच्या डोक्यावर

प्रश्न : गोल्फ खेळताना सात नंबरच्या आयर्नने (धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबने) मारताना क्लब कधी चेंडूच्या मागे जमिनीत घुसतो, तर कधी चेंडूच्या वरच्या अर्ध्याला लागून तो सरपटत जातो. व्हिडिओत स्विंग (क्लब फिरवण्याची वाट) फारच फ्लॅट, म्हणजे आडवा दिसतो. हात उंच नेऊन पाहिले, तर फटके आणखी बिघडले. काय करावे? (पुणे)

उत्तर : आधी एक गैरसमज दूर करू. फ्लॅट स्विंग हा मुळात दोष नाही. नामवंत गोल्फपटू बेन होगन यांचा स्विंग फ्लॅटच होता, आताच्या मॅट कुचर यांचा तर त्याहून फ्लॅट आहे आणि दोघांचेही फटके स्वच्छ. बॅकस्विंगमध्ये, म्हणजे क्लब मागे नेताना, तो शरीराच्या पाठीमागे जाऊन अडकला, की बिघडते. तिथून तो फार आडवा खाली येतो आणि त्याच्या वाटेचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या मागे पडतो. जमीन आधी लागली की फॅट. जमीन चुकवून वर येऊ लागलेला क्लब चेंडूच्या मध्याला लागला की थिन, त्याहून वर लागला की टॉप. म्हणजे तुमच्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. आयर्नने आधी चेंडू आणि मग गवत लागायला हवे, डिव्हट (क्लबने गवत उखडून पडणारा खड्डा) चेंडूच्या पुढे पडायला हवा.

हात उंच नेण्याने बिघडले, कारण चूक वर नाही, पहिल्या दोन फुटांत आहे. टेकअवेमध्येच (क्लब मागे नेण्याच्या सुरुवातीलाच) मनगटे गुंडाळून क्लब आत ओढला गेला असेल, तर नंतर हात उचलल्याने तो फक्त वळसा घेतो आणि खाली येताना बाहेरून चेंडूवर कोसळतो.

व्हिडिओ पुन्हा काढा. मोबाइल पाठीमागे नव्हे, तर लक्ष्याच्या विरुद्ध बाजूला, हातांच्या उंचीवर आणि हातांच्या सरळ रेषेत ठेवा. तो थोडा बाजूला सरकला तरी चित्र फसवे येते. दोन जागी व्हिडिओ थांबवून पाहा (ही सगळी वर्णने उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहेत). शाफ्ट (क्लबची दांडी) कमरेच्या उंचीवर जमिनीला समांतर झाला की क्लबहेड हातांना झाकणारा किंवा किंचित बाहेर दिसावा. तो हातांच्या मागे, पाठीकडे दिसला तर चोर सापडला. दुसरी जागा डावा हात जमिनीला समांतर होतो ती. तिथे ग्रिपचे (क्लबच्या मुठीचे) टोक पुढे वाढवले असे धरले, तर ते साधारण चेंडूच्या रेषेकडे यावे. ते चेंडूच्या पलीकडे रोखलेले दिसले तर क्लब फार फ्लॅट आहे.

आता उभे राहणे. चेंडूपासून लांब उभे राहणारा माणूस फ्लॅटच फिरवणार. हात खांद्यापासून सैल लोंबू द्या. ग्रिपचे टोक आणि मांडी यांत एका मुठीचे अंतर पुरे. भार टाचांवर नको, पावलाच्या मध्यावर हवा. पाठीतून नव्हे, नितंबाच्या सांध्यातून वाका. ताठ उभे राहिले की खांदे भोवऱ्यासारखे आडवे फिरतात आणि क्लबही त्यांच्यामागे जातो. बॅकस्विंगमध्ये डावा खांदा हनुवटीखाली, चेंडूच्या दिशेने उतरला पाहिजे.

सराव घरीच सुरू करा. भिंतीकडे पाठ करून, भिंत आणि नितंब यांत वीतभर जागा ठेवून उभे राहा. अगदी सावकाश क्लब मागे न्या. शाफ्ट समांतर होईपर्यंत क्लबहेड भिंतीला लागता कामा नये. तिथून मनगटे वर मोडा. डावा हात समांतर होईल तेव्हा हात आणि शाफ्ट यांत साधारण काटकोन दिसावा.

रेंजवर (सरावाच्या मैदानावर) चेंडूच्या मागे १५ सेंटिमीटरवर घडी घातलेला टॉवेल ठेवा आणि कमरेपासून कमरेपर्यंत, अर्ध्या ताकदीने मारा. टॉवेल लागला तर भार डाव्या पायावर आलाच नाही असे समजा. टॉवेल हवाच, कारण रेंजवरच्या मॅटवर (कृत्रिम गवताच्या चटईवर) चूक झाकली जाते. क्लब मागे आपटून मॅटवरून घसरतो आणि चेंडू तरीही बरा उडतो. तोच फटका पावसाळ्यातल्या ओल्या फेअरवेवर (मैदानातल्या छाटलेल्या गवताच्या पट्ट्यावर) जेमतेम निम्मे अंतर जातो. गवतावर सराव करता आला तर चुन्याची रेघ ओढा, रेघेवर चेंडू ठेवा आणि डिव्हट रेघेच्या पुढे पडतो का ते पाहा. तसा तो सातत्याने पडेपर्यंत पूर्ण स्विंगला हात लावू नका.

प्रश्न : अनेक वर्षे क्रिकेट खेळलो. ड्रायव्हर (लांब फटक्याचा सर्वांत लांब क्लब) छान लागतो, आयर्न मात्र लागत नाही. असे का? (ठाणे)

उत्तर : पुल मारायची सवय ड्रायव्हरला चालून जाते. त्याची लांबी ४५ इंचांच्या आसपास, चेंडू टीवर (छोट्या खुंटीवर) उंच, त्यामुळे आडवा आणि थोडा वर चढणारा क्लब तिथे शोभतो. सात नंबरचे आयर्न ३७ इंचांच्या आसपास, चेंडू जमिनीवर. तुम्हाला चेंडूच्या जवळ, जास्त वाकून उभे राहावे लागेल. मग स्विंग आपोआप उभा होतो. चेंडू पायांपेक्षा थोडा खाली राहील अशा हलक्या उतारावर सावकाश मारून पाहा. चेंडू पायांपेक्षा वर असलेल्या उतारावर मात्र सध्या सराव नको, तिथे जुनी सवय पक्की होते.

प्रश्न : सेकंड-हँड सेट घेतला आहे. दोष क्लबचा असू शकतो का? (नाशिक)

उत्तर : असू शकतो. चेंडूवर मार्करने उभी रेघ काढा, ती क्लबफेसकडे (चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागाकडे) करून ठेवा आणि मारा. फेसवर उमटलेली रेघ सरळ उभी असेल तर लाय (शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन) ठीक. तिचे वरचे टोक हीलकडे (फेसच्या शाफ्टलगतच्या बाजूकडे) झुकले तर क्लब तुमच्यासाठी फ्लॅट आहे आणि चेंडू उजवीकडे जाईल. ‘टो’च्या, म्हणजे फेसच्या बाहेरच्या बाजूकडे झुकले तर उलट. मात्र हात खाली राहणारा फ्लॅट स्विंगही टो उचलतो, म्हणून आधी स्विंग दुरुस्त करा आणि ही चाचणी नंतर पुन्हा घ्या. फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) आयर्न एक-दोन अंश वाकवून मिळतात. कास्ट (साच्यात ओतलेले) आयर्न तुटू शकतात, ते जाणकाराला दाखवल्याशिवाय वाकवायला देऊ नका.