सोलापुरातल्या सांस्कृतिक केंद्रात सहाय्यक निर्मात्याचं काम नेमकं काय असतं?

तुम्ही लिहिलंय की बी.कॉम. झालंय, सोलापुरातल्या एका सांस्कृतिक केंद्रात जाहीर कार्यक्रमांसाठी सहाय्यक निर्मात्याची जागा मिळतेय. त्यात शिकण्यासारखं काही आहे की नुसती पळापळ, आणि त्यापेक्षा सरळ पुणं गाठावं का, असा तुमचा प्रश्न आहे. मी हेच काम सोलापुरात करते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पळापळ आहेच. हॉलचं बुकिंग, पोलीस परवानगी, साउंडवाल्याचं कोटेशन, पाहुण्यांची गाडी, कलाकारांचं जेवण, नंतरची बिलं, सगळं तुमच्या गळ्यात येणार. पण माझ्या मते खरं काम निराळंच आहे. कार्यक्रमाला कोण येणार, कुठून येणार, त्यांना सवड कधी असते आणि रात्री ती माणसं घरी कशी पोहोचणार, हा विचार बैठकीत सहसा कोणी मांडत नाही. तिथे कलाकार, तारीख आणि प्रमुख पाहुणे यांवरच चर्चा संपते. प्रेक्षकाची बाजू सहाय्यकाने लावून धरायची. ती धरली तर या नोकरीत शिकायला भरपूर आहे.

सोलापुरात तर हे फारच महत्त्वाचं. हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहात चांगलं नाटक लागलं की नेहमीचा जाणकार प्रेक्षक येतोच, त्याला बोलवावं लागत नाही. पण या गावात मराठीइतक्याच सहजपणे तेलुगू, कन्नड आणि उर्दू कानावर पडतात. पूर्व भागातला यंत्रमाग कामगार किंवा घरी विड्या वळणारी बाई आपल्या कार्यक्रमाला येत नसेल तर त्याला ‘जाहीर’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आम्ही एकदा विणकरांच्या तेलुगू गाण्यांचा कार्यक्रम ठरवला. शनिवार, संध्याकाळी साडेसहा, केंद्राचा हॉल. ज्यांची गाणी, त्याच बायका समोर हव्यात म्हणून मी एका विडी कारखान्याच्या शाखेबाहेर जाऊन उभी राहिले. दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या (मजुरी दर हजार विड्यांमागे), त्या शाखेत मोजून द्यायच्या, पान-तंबाखू घेऊन परत यायचं, असा त्यांचा दिवस. एक मावशी म्हणाल्या, “ताई, साडेसहाला बोलावता, मग भाकऱ्या कोण थापणार? आणि कुंभारीला परत जायला रात्री रिक्षा किती घेतो माहीत आहे का?” त्या सोलापूरजवळच्या कुंभारीच्या गोदूताई परुळेकर विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगार बायकांच्या वसाहतीत राहणाऱ्या. त्यांचं सगळं म्हणणं मी जसंच्या तसं निर्मात्यांना सांगितलं आणि कार्यक्रम रविवारी दुपारी, पूर्व भागातल्याच एका समाजाच्या हॉलमध्ये नेला. पुढे खुर्च्या काढून सतरंज्या टाकल्या, कारण लेकरं सोबत येणार हे उघड होतं. पत्रिका छापण्यापेक्षा रिक्षा फिरवून तेलुगूत पुकारा केला. बऱ्याच जणी घरात तेलुगू बोलतात, पण शाळा मराठीत झालेली, त्यामुळे तेलुगू लिपीतली पत्रिका बऱ्याच जणींना वाचता आली नसती. हॉल भरला. गायिकेने पहिली ओळ म्हटली आणि दुसरी समोरच्या बायकांनीच उचलली. निवेदकाच्या हातातले कागद तसेच राहिले. त्या दिवशी मला या कामाबद्दल जे वाटलं ते पगारात मोजता येणार नाही.

तारीख काढताना गावाचं कॅलेंडर पाठ हवं. १२ जानेवारी हा सोलापूरच्या चार हुतात्म्यांचा स्मृतिदिन, १९३१ साली याच दिवशी त्यांना येरवड्यात फाशी दिलं गेलं. त्याला लागूनच सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा. यात्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या दिवशी तुमच्या हॉलवर कोणी फिरकणार नाही, आणि फिरकूही नये. आषाढीला बंदोबस्त पंढरपूरकडे वळतो, त्यामुळे परवानगीचे कागद त्याच्या बरेच आधी द्या. कोजागरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांनी रस्ते भरलेले असतात. रमजानमध्ये मुशायरा ठेवायचा असेल तर आधी मोहल्ल्यातल्या जाणत्यांना विचारा. उन्हाळ्यात खुल्या जागेवर दुपार विसराच.

कलाकारांच्या बाबतीत एकच गोष्ट सांगते, पण नीट लक्षात ठेवा: प्रत्येकाला काय लागतं ते आधी फोन करून विचारा. गायकाचं साउंड चेक सगळ्यांना आठवतं. हलगीवाल्यांना मात्र वाजवण्याआधी कातडं शेकायला जाळ लागतो, हे कोणाच्या ध्यानात नसतं. हॉलमध्ये जाळ चालत नाही. मग ऐनवेळी ते बिचारे पार्किंगमध्ये कोपरा शोधत फिरतात आणि वॉचमन त्यांना हाकलतो. मी हे पाहिलेलं आहे आणि मला ते अजिबात सहन होत नाही. आता आमच्या यादीत ‘हलगी: मागच्या अंगणात जागा, रद्दी, काडेपेटी, पाण्याची बादली, वॉचमनला कल्पना’ अशी ओळच असते. मानधनाचंही तसंच. लोककलावंतांच्या आधारवरचं नाव आणि पासबुकातलं नाव कित्येकदा जुळत नाही. ते कार्यक्रमाच्या आधी तपासा आणि टीडीएस (मानधनातून आधीच वळता होणारा कर) कापला जाणार असेल तर किती, हे आधीच सांगा. नंतर महिनाभर त्या माणसाला हेलपाटे घालायला लावू नका. तुमचं बी.कॉम. इथे उपयोगी पडेल.

कागदपत्रांचं थोडक्यात. नाटक करणार असाल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आहे का ते पाहा. रेकॉर्डेड गाणी वाजवणार असाल तर त्याचा परवाना वेगळा. नाटक किंवा मैफलीचं तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी लागत नाही, त्यामुळे दर ठरवताना तो आकडा डोक्यात ठेवा. खुल्या जागेवर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद. काही ठरावीक दिवशी १२ पर्यंत सवलत मिळते, पण आपला दिवस त्यात आहे असं गृहीत धरू नका.

या १० च्या मर्यादेमुळेच मिनिट टू मिनिट कार्यक्रम काटेकोर लागतो. आपल्याकडे दीपप्रज्वलन, सत्कार आणि मनोगतं यांत पाऊण तास सहज जातो, मग शेवटच्या कलाकाराला दहा मिनिटांत उरकायला सांगितलं जातं. बहुतेक वेळा तो सगळ्यात लांबून आलेला असतो. म्हणून मी सत्काराची यादी आदल्या दिवशी बंद करते, सत्काराला द्यायच्या चादरी नावानिशी लावून विंगेत ठेवते आणि निवेदकाला सांगते की नवीन चिठ्ठी आली तर ती माझ्याकडेच पाठव. मोठ्या माणसांना नम्रपणे ‘नाही’ म्हणायला जमलं पाहिजे. सुरुवातीला जड जातं, पण निर्माता पाठीशी असेल तर जमतं.

आता पुण्याचं. तिथे कार्यक्रम जास्त, तंत्रज्ञ जास्त, ओळखीही जास्त होतील, हे खरं आहे. पण मोठ्या संस्थेत तुमच्या वाट्याला एकच तुकडा येण्याची शक्यता असते. सोलापुरात माणसं कमी, त्यामुळे परवानगीच्या अर्जापासून शेवटच्या व्हाउचरपर्यंत सगळं हातून जातं. माझा सल्ला, दोन वर्षं इथे काढा, मग जायचं तर जा.

फक्त होकार देण्याआधी मुलाखतीत तीन गोष्टी स्पष्ट विचारून घ्या. रात्री उशीर झाला तर घरी सोडायची गाडी कोण देणार, कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी बदली सुट्टी मिळते का, आणि किरकोळ खर्चासाठी ॲडव्हान्स मिळतो की स्वतःच्या खिशातून घालायचे. तिसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर तिथे जाऊ नका.