मशीन खोलीत आलं, काकू हॉलमध्ये गेल्या

"ताई, हे जवळ आले आणि दम लागून काही झालं तर?" हा प्रश्न बायका बहुधा दारापाशी, निघता निघता विचारतात. या काकू ५८ वर्षांच्या, काका ६४. तीस वर्षं विडी, आता तीव्र सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार. घरी ऑक्सिजनचं मशीन, मिनिटाला २ लिटर, दिवसाचे १५-१६ तास.

आठ महिने काकू हॉलमध्ये झोपत होत्या. 'मशीनचा आवाज होतो' म्हणून. काकांना मात्र वाटत होतं, आपल्या कफाची हिला किळस येते. खरं तर एका रात्री जवळ आल्यावर काकांना धाप लागली, ओठ निळसर झाले, तेव्हापासून काकूंनी धसका घेतला होता.

भीती खोटी नव्हती. पण त्या रात्री काय काय झालं होतं? नुकतंच पोटभर जेवण, 'मध्ये येते' म्हणून काढून ठेवलेली ऑक्सिजनची नळी, आणि अंगाचा सगळा भार काकांच्या हातांवर. भरलेलं पोट श्वासपटलाला खाली सरकू देत नाही. धाप लागणारच.

आधी छातीच्या डॉक्टरांना विचारून घेतलं. मग ठरलं: जेवणानंतर दोन तास जाऊ द्यायचे. कफ काढून चूळ भरायची. तातडीचा पंप लिहून दिलेला होता, तो पंधरा मिनिटं आधी घ्यायचा. नळी नाकातच. काकांनी उशांना टेकून बसायचं किंवा दोघांनी कुशीवर. दम लागला की थांबायचं. नाकाने दोन मोजत श्वास आत, ओठांचा चंबू करून चार मोजत बाहेर. मशीनचा आकडा परस्पर वाढवायचा नाही. काहींच्या रक्तात त्याने कार्बन डायऑक्साइड साठतो, डोकं जड होतं, गुंगी येते. छातीत दुखलं, ओठ निळे पडले किंवा विश्रांती घेऊनही श्वास जागेवर येईना, तर १०८.

पाठीला तेल चोळायची काकूंची जुनी सवय मात्र सोडावी लागली. ऑक्सिजनजवळ तेल, पेट्रोलियम जेली नको; खोलीतली उदबत्तीही देवघरात गेली. नाक कोरडं पडतं त्यासाठी पाण्यात विरघळणारं जेल. विक्रेत्याला विचारून लांब नळी घेतली, मशीन दाराबाहेर गेलं.

पहिले पंधरा दिवस नुसतं हात धरून झोपायचं, एवढंच सांगितलं होतं. चौथ्या भेटीत काकूंचा प्रश्न बदलला होता: "रात्री लाइट गेली तर?" भरलेला छोटा सिलिंडर पलंगाशी, त्याला नळी आधीच जोडलेली, आणि दर रविवारी काटा बघायचा. तो काकांनी बघायचा, असं काकूंनीच ठरवलं.