गच्चीवरची बादली का तडकली?

प्रश्न : ताई, गेल्या पाडव्याला घेतलेली निळी बादली झाडांना पाणी घालायला गच्चीवर ठेवली होती. यंदा वैशाखात उचलायला गेले तर काठाचा तुकडा हातात आला. बोट फिरवलं की पांढरी भुकटी लागते. शेजारीच पाण्याची काळी टाकी नऊ वर्षं उभी आहे, तिला काहीच झालेलं नाही. दोन्ही प्लास्टिकच ना? बादलीच्या तळाला त्रिकोणात ५ आकडा आहे. चिकटवून वापरता येईल का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : तळाचा आकडा पाहिलात हे फार बरं केलंत. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. आम्ही कारखान्यात नुसतं पीपी म्हणायचो. नाशिकच्या सातपूरला मोल्डिंगच्या, म्हणजे साच्यात माल घडवण्याच्या, खात्यात मी २६ वर्षं मालाची तपासणी केली, आणि ‘दोन्ही प्लास्टिकच ना?’ हा प्रश्न तिथे नव्याने आलेली मुलंही विचारायची. ज्वारी आणि हरभरा दोन्ही धान्यच, पण भाकरी एकाचीच होते. प्लास्टिकचंही तसंच. तुमची टाकी बहुधा पॉलिथिनची आहे.

पीपीची सुरुवात प्रॉपिलीन या वायूपासून होते. त्याचे लहान रेणू एकापुढे एक जोडत जातात आणि लांब साखळी तयार होते. एका कडीचा रेणुभार ४२. साखळीचा तीन लाखांच्या आसपास असला, तर एका साखळीत सुमारे सात हजार कड्या झाल्या. बादलीला बळ येतं ते या लांबीमुळे. कडी तीच ठेवून साखळी फार आखूड केली तर हाती मेणासारखा पदार्थ येतो.

आता या साखळ्या आत कशा असतात ते पाहा, कारण तुमची बादली तिथेच हरली. काही भागांत त्या नीट घड्या घालून बसतात, मधल्या भागांत त्यांचा गुंता असतो. काही साखळ्या एका घडीतून निघून, गुंत्यातून जाऊन, दुसऱ्या घडीत शिरतात. गोधडीतल्या धावदोऱ्यासारखं त्यांचं काम. घड्या घट्ट असल्याने ऑक्सिजनला आत जागा नाही. तो शिरतो गुंत्यात. म्हणजे घाव नेमका धावदोऱ्यावर बसतो. ठिगळं सगळी शाबूत, पण दोरे तुटलेले, अशी गोधडी उचलली की काय होईल? सात हजार कड्यांच्या साखळीत एक जरी तुटली तरी लांबी निम्म्यावर येऊ शकते.

ऊन हे काम सुरू करून देतं. साच्यात जाण्याआधी पीपीचा दाणा (कच्चा माल) दोनशे अंशांच्या वर तापतो, तेव्हाच काही साखळ्यांवर ऑक्सिजन चिकटून बसलेला असतो. उन्हातले अतिनील किरण त्या जागा पकडतात आणि तिथून मोडतोड पसरते. पीपीच्या साखळीत एकाआड एक कार्बनला छोटी फांदी असते, आणि तिथला हायड्रोजन सहज निघून जातो. पॉलिथिनमध्ये अशा जागा फार थोड्या. तुटलेले तुकडे मोकळे झाले की नव्याने घड्या घालतात, कमी जागा घेतात, त्यामुळे पृष्ठभाग आकसून बारीक भेगा पडतात. त्या भेगांतून सुटणारा चुरा म्हणजे तुमच्या बोटाला लागलेली भुकटी.

टाकीला तिच्या काळ्या रंगाने वाचवलं. तो रंग म्हणजे कार्बन ब्लॅक, सोप्या शब्दांत बारीक काजळी. ती किरण आतल्या साखळ्यांपर्यंत पोहोचू देत नाही. ठिबकच्या नळ्या काळ्या असतात त्या याचसाठी. दोन-अडीच टक्के काजळी पुरते. निळा रंग एवढी राखण करत नाही. रंगीत माल उन्हात टिकवायचा तर दाण्यात वेगळं स्थिरक मिसळावं लागतं.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी डोळ्यांनी पाहिलं. आमच्याकडून एकदा हिरव्या क्रेटच्या एका खेपेत तो स्थिरकाचा मास्टरबॅच, म्हणजे स्थिरक दाट मिसळलेले दाणे, टाकायचा राहिला. माझ्या टेबलावर प्रत्येक क्रेट पास झाला होता: वजन बरोबर, आपटून पाहिला तरी शाबूत. पुढच्या उन्हाळ्यात रोपवाटिकेचे एक मालक पोतंभर तुकडे घेऊन आले. ते काही बोलले नाहीत, पोतं फक्त उलटं केलं. त्या दिवसापासून मी प्रत्येक खेपेतला एक नग छपरावर उन्हात ठेवायला लागले.

ज्या ऑक्सिजनने तुमची बादली मोडली, त्याच्याच किंचित अंशाने पहिलं पॉलिथिन घडलं. १९३३ मध्ये इंग्लंडमधल्या विनिंग्टन इथे फॉसेट आणि गिब्सन हे रसायनज्ञ प्रचंड दाबाखाली इथिलीन वायूवर प्रयोग करत होते, तेव्हा भांड्यात पांढरा मेणासारखा पदार्थ मिळाला. तो पुन्हा काही केल्या नीट जमेना. १९३५ मध्ये उपकरण गळत होतं म्हणून नवा इथिलीन आत सोडला. त्यात थोडा ऑक्सिजन होता आणि त्यानेच साखळ्या जोडायला सुरुवात करून दिली. मला ही हकिकत अजून थक्क करते.

चिकटवण्याचं म्हणाल तर झटपट चिकटणारा डिंक वाया घालवू नका. पीपीत नुसता कार्बन आणि हायड्रोजन, डिंकाला धरायला काही नाही. तापवलेल्या पट्टीने सांधता येतं, पण शेजारच्या साखळ्या आधीच आखूड झालेल्या, त्यामुळे नवी भेग सांध्याच्या कडेने जाईल. पाण्याने भरलेली बादली जिन्यात फुटली तर पाय घसरेल, म्हणून ती वापरू नका. भुगा होऊन गच्चीभर पसरण्याआधी भंगारात द्या. नवी घ्याल ती काळी बघा. निळीच आवडत असेल तर पाणी घालून झाल्यावर न्हाणीघरात ठेवा, आणि वर्षातून एकदा तिचा काठ अंगठ्याने किंचित वाकवून पाहा. ताजा पीपी वाकतो आणि वाकल्या जागी पांढरा पडतो. कट् असा आवाज आला तर तिची वेळ झाली.