आधी चालणं, मग पाहुणे

ताई, तुम्ही विचारलंय की निवृत्तीनंतर दोघं गावात राहायला आलात, आठवडा नीट लावलात, पण मुलं-नातवंडं, भावंडं यायला लागली की तो विस्कटतो आणि चालणं तर पार बंद पडतं. शिवाय यजमानांची चिडचिड, आणि शेवटी काठीचा प्रश्न. क्रमानं घेत नाही, सुचेल तसं लिहितो.

पाहुणे आले तरी फेरी चुकवायची नाही, एवढं एक धरून ठेवा. घरात माणसं आली की पहिला बळी सकाळच्या चालण्याचाच जातो. "आज राहू दे" म्हणायचं, आणि ती गेली की थकवा म्हणून आणखी दोन दिवस. त्यापेक्षा त्यांनाच बरोबर न्या. आमचा मुलगा घरात बसला की मान फोनमध्ये. पायवाटेवर मात्र मी पुढे, तो मागे. तोंडाकडे बघावं लागत नाही म्हणून असेल, पण नोकरीतली धाकधूक त्यानं तिथंच बोलून टाकली. नातवंडं बरोबर असली तर चालणं होत नाही, हे मान्य. मुंग्यांची रांग दिसली की वरात तिथेच थांबते. मग ती फेरी त्यांची म्हणायची आणि आपली संध्याकाळी वेगळी काढायची.

एखादा दिवस बुडाला म्हणून जीव खालीवर करू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली दिलेलं माप दिवसाचं नाही, आठवड्याचं आहे: १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. पासष्टीच्या पुढे आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायामही करायला सांगितलेत, आणि हे बहुतेक जण विसरतात. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, कट्ट्याला धरून एका पायावर उभं राहणं, इतकं साधं चालतं. पाहुण्यांशी गप्पा मारतानासुद्धा होतं.

दहा हजार पावलांचा धसका तर सोडाच. तो आकडा १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आलाय, वैद्यकातून नाही. सरासरी ७२ वर्षांच्या बायकांवरचा २०१९ चा एक मोठा अमेरिकन अभ्यास आहे. त्यात दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि ७,५०० च्या पुढे फारसा फरक उरला नाही.

आता जोडीनं चालण्याबद्दल. एकाच वेगानं चालायचा हट्ट धरू नका, त्यात एकाची फरफट होते आणि दुसऱ्याचा व्यायाम होत नाही. मी तरातरा पुढे जाऊन परत येतो तरी आमची ही चौथ्याच दाराशी उभी असते. कोणाचं दुखतंय, कोणाकडे सून आलीय, सगळं तिथे कळतं. आधी मी वैतागायचो, आता वाटतं गावात राहण्याचा निम्मा फायदा त्या दारांशीच आहे. जाताना आपापल्या वेगानं जावं, येताना बरोबर यावं, एवढी वाटणी आम्हाला पुरते.

यजमानांच्या चिडचिडीकडे जरा समजुतीनं बघा. होम्स आणि राहे या अमेरिकन संशोधकांनी १९६७ मध्ये ताण देणाऱ्या ४३ घटनांची यादी केली, तिच्यात निवृत्ती दहाव्या क्रमांकावर आहे. दिवसभर समोरासमोर राहायची सवय दोघांनाही नसते. त्यामुळे दिवसातले दोन-तीन तास ज्याचे त्याचे असू द्या. कुठे होतास, काय केलंस, हे विचारायचंसुद्धा नाही.

नातलगांचा फोन आला की लगेच "या या" म्हणू नये. "विचारून सांगतो" म्हणावं, मग समोरचा भाऊ असो की मुलगी. येणाराच्या जायच्या दिवसाचं आधीच ठरलेलं असावं, आपण गेलो तर आपलंही. कोणाला राग येत नाही, उलट सगळ्यांना बरं पडतं. माणसं गेली की दुसरा दिवस मोकळा ठेवा. आणि धामधुमीत गोळ्यांच्या वेळा चुकतात, तेवढं सांभाळा. लहान मुलं येणार असतील तर गोळ्यांचा डबा उंचावर, कुलपात.

गावच्या रस्त्याला फुटपाथ नसेल तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूनं चाला. अंधारात फिकट रंगाचे कपडे आणि टॉर्च हवाच. वयाबरोबर तहान कमी जाणवते, म्हणून लागली नाही तरी पाणी प्या.

काठीचं सांगतो. रोजच्या चपला-बूट घालून ताठ उभं राहायचं आणि हात सैल सोडायचे. मनगटावरची घडी जिथे येते तिथे मूठ यायला हवी, म्हणजे धरल्यावर कोपर जरासं वाकतं. गुडघा उजवा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. बहुतेक जण नेमकं उलटं धरतात. दुखरा पाय आणि काठी एकदमच पुढे टाकायची. टोकाचं रबर झिजून गुळगुळीत झालं की लगेच बदला, ओल्या फरशीवर ते सटकतं.