हार्बर सील आणि पाकट मासा (स्टिंगरे) दोघंही पिल्लं देतात, मग दोघंही सस्तन का?

नाही, सस्तन फक्त सील. पाकट हा कूर्चेच्या सांगाड्याचा मासा, शार्कचा भाऊबंद. सीलला श्वासासाठी वर यावंच लागतं. पाकट कल्ल्यांनी श्वास घेतो, वाळूत दडला की डोळ्यांमागच्या छिद्रांतून पाणी ओढतो. गोंधळ होणं साहजिक आहे, कारण पाकटाची मादीही गर्भाशयात पिल्लांना दुधासारखा स्राव पुरवते; जन्मानंतर मात्र काहीच नाही. सीलची मादी सुमारे ४ आठवडे अंगावर पाजते. आपल्या समुद्रात सील नाहीत, पण जळगाव-भुसावळच्या बाजारात बर्फातला पाकट मिळाला तर शेपटीचा काटा जपून काढा, मेल्यावरही तो विषारी असतो. टोचलाच तर जखमेचा भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात (४५ अंशांपेक्षा जास्त नको) ३० ते ९० मिनिटं बुडवून दवाखाना गाठा.