लाल दात, हाडाचा ब्रश आणि थरथरणारा हात

टूथब्रशचा इतिहास हाताळून पाहायच्या प्रदर्शनात मी दंतवैद्य म्हणून प्रात्यक्षिकाच्या टेबलापाशी असते. तिथून घरी गेल्यावर पालकांनी आणि शिक्षकांनी पाठवलेले हे काही प्रश्न.

प्रश्न : प्रदर्शनात दात नीट घासले गेलेत का ते पाहायला दिलेली रंगाची गोळी चघळल्यावर माझ्या नऊ वर्षांच्या मुलाचे दात लालभडक झाले. सकाळी त्याने माझ्यासमोर घासले होते. तो रडवेला झाला. गोळीतच काही दोष होता का?

गोळीत दोष नाही आणि मुलानेही टाळाटाळ केलेली नाही. त्या गोळीत खाण्याचा रंग असतो. तो स्वच्छ दातावरून धुऊन जातो, पण दातावरच्या जिवाणूंच्या चिकट थराला, म्हणजे प्लाकला, धरून राहतो. हा थर एरवी दाताच्याच रंगाचा असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. दात घासल्यावर काही तासांतच तो पुन्हा जमायला लागतो.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरातला, स्वतः भिंगं घासून सूक्ष्म जीव पाहणारा लेव्हेनहुक रोज सकाळी मीठ लावून दात चोळायचा. तरीही दातांच्या फटीत त्याला कालवलेल्या पिठासारखा पांढरा साका सापडला. तो साका आपल्या भिंगाखाली धरल्यावर त्यात वळवळणारे जीव दिसले. हे त्याने १६८३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला पत्राने कळवलं. मुलाला हे जरूर सांगा, त्याला खूप बरं वाटेल.

आता रंग कुठे राहिला होता ते आठवून पाहा. बहुधा खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू, हिरडीची कड आणि शेवटच्या दाढेची मागची बाजू. आरशासमोर उभं राहून तेवढ्याच जागा त्याला स्वतःला घासू द्या. रंग जाताना दिसला की हाताला वळण लागतं. माझ्या टेबलापाशी मला हाच क्षण सगळ्यात आवडतो. ओठांवरचा रंग काही तासांत जातो. मात्र खाद्यरंगाची ॲलर्जी असेल तर गोळी देऊ नका.

प्रश्न : डुकराच्या केसांचा, हाडाच्या दांड्याचा ब्रश हातात घेऊन पाहिला. इतकी सुबक वस्तू मागे का पडली?

तो उलटा करून पाहिलात का? पाठीवर बारीक चरे असतात. हाडाला भोकं पाडायची, केसांचा झुबका दुमडून भोकात घालायचा, पाठीमागून तारेने ओढून आवळायचा आणि मग चर बुजवायचा. एकेका झुबक्याला एवढी मेहनत! पण डुकराचा केस पाणी धरून ठेवतो. तो लवकर सुकत नाही, ओला झाला की मऊ पडतो आणि पुढे गळायला लागतो. २४ फेब्रुवारी १९३८ रोजी अमेरिकेत नायलॉनच्या केसांचा ब्रश विक्रीला आला आणि चित्र पालटलं. सुरुवातीचं नायलॉन फार राठ होतं, हिरड्यांना टोचायचं. आज आम्ही सांगतो तो मऊ ब्रश १९५० च्या दशकात रूढ झाला.

प्रश्न : टूथब्रशचा शोध तुरुंगात लागला, हे खरं का?

नाही. केसांचा ब्रश चीनमध्ये पंधराव्या शतकाच्या अखेरीस होता. त्याही आधी, हजारो वर्षं, लोक काडीचं टोक चावून त्याचा कुंचला करत आले. तुरुंगात जेवणातलं हाड राखून ब्रश केल्याची गोष्ट लंडनच्या विल्यम ॲडिसबद्दल सांगतात. १७८० च्या सुमारास त्याने ब्रश मोठ्या प्रमाणावर तयार करून विकायला सुरुवात केली, एवढं त्याचं श्रेय नक्की.

प्रश्न : प्रदर्शनातल्या जबड्याच्या मोठ्या नमुन्यावर दाखवल्याप्रमाणे ब्रश हिरडीकडे तिरका धरून घासायला लागले, तर रक्त येतंय. थांबवू का?

थांबवू नका, हे मी हात जोडून सांगते. हिरडीच्या कडेला थर साचला की ती सुजते आणि नुसत्या स्पर्शाने रक्त येतं. अशा वेळी माणूस घाबरून नेमकी तीच जागा सोडतो, थर वाढतो आणि पुढे त्याचं कीटण, म्हणजे दगडासारखं टणक पुट, होतं. कीटण ब्रशने निघत नाही. मऊ ब्रश घ्या, साधारण ४५ अंशांत टेकवा, जोर न लावता जागच्या जागी हलवा. सकाळी आणि रात्री, दोन-दोन मिनिटं. नंतर पेस्ट थुंकून टाका, पण खळाखळा चूळ भरू नका, पेस्टमधलं दात मजबूत करणारं फ्लोराइड दातावर राहू द्या. दोन आठवड्यांनीही रक्त येत राहिलं तर दंतवैद्याकडे जायलाच हवं.

प्रश्न : वडिलांचा हात थरथरतो. तिथे ठेवलेला विजेचा ब्रश त्यांच्यासाठी घ्यावा का?

घ्या. १९५४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये असा ब्रश निघाला, तो मुळात हाताची हालचाल नीट न होणाऱ्यांसाठी आणि दातांना तारा असलेल्यांसाठीच. तो घासायचा नसतो, एकेका दातावर नुसता टेकवून पुढे सरकवायचा असतो. दांडा जाड असल्याने पकडायलाही सोपा जातो. साधाच ब्रश ठेवायचा असेल तर दांड्याला स्पंज गुंडाळून जाड करा. विजेचा आणलात तर पहिले एक-दोन दिवस तो बंद ठेवूनच त्यांच्या तोंडात फिरवू द्या. चालू करायची वेळ आली की आधी दातावर टेकवा आणि मग बटण दाबा, म्हणजे पेस्ट अंगावर उडणार नाही आणि ते दचकणारही नाहीत.